तेवीस पावलं

लातूर,
११ जानेवारी २०२६

मल्लिनाथ,

'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' गाळले आहेत. थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला लिहायचे ते शब्द. मी तुझी कुणी उरलेली नाही हे तू सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरलास, तर ते शब्द वाया कशाला घालू? माझा नंबर तू बंद करून ठेवलास. मंजुश्रीला फोन लावला तर ती "ते बाहेर गेलेत, वन्सं" म्हणते आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. खोकल्याला औषध घे. पत्र मात्र तुला घ्यावंच लागेल, पोस्टमनच्या कागदावर सही करून.

काम एकच आहे. ९ फेब्रुवारीला अव्वाला जाऊन दहा वर्षं होतील. त्या दिवशी अप्पांना तिच्या समाधीवर जायचं आहे. ते अजून 'माळावर' म्हणतात. निसर्ग उद्यान हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नाही. आजोबांनी अव्वाला चोळीबांगडीला दिलेला तीन एकर मुरूम, त्याला आता कमान आहे, तिकीटखिडकी आहे आणि वेळापत्रक आहे, हे मी त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, "असू दे की. ती हाय न्हवं तिथं?"

मी चौकशी केली. उद्यान सकाळी नऊ ते साडेपाच उघडं असतं. गाडी कमानीशी ठेवावी लागते. आत चाकाची खुर्ची एकच आहे आणि ती समितीच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. खाण्याचे पदार्थ, आगपेटी, उदबत्ती, नारळ आत नेता येत नाही. आणि दर सोमवारी उद्यान बंद.

९ फेब्रुवारी सोमवार आहे.

तू त्या समितीवर आहेस, जमीन देणाऱ्याचा मान म्हणून. तेव्हा तो मान एकदा तरी बापासाठी वापर. सोमवारी दोन तास फाटक उघडून घे, खुर्चीची चिठ्ठी पाठव. तू आलास तर ठीक, नाही आलास तर जास्त ठीक.

आणखी एक. अप्पा ब्याऐंशीचे आहेत आणि आता आपल्या मरणानंतरचं रोज तेच बोलतात. "मला गौरम्माच्या उजव्या अंगाला बसवा. समाजाच्या रुद्रभूमीत न्हाई. तिथं कोण हाय माझ्या वळखीचं?" जमीन उद्यानाला दिली त्या सह्यांच्या दिवशी त्यांनी अटच घातली होती ना, की अव्वाच्या जागेला कुदळ लागू नये आणि शेजारची जागा मोकळी राहावी. तू मान हलवली होतीस. मीही त्याच टेबलाशी होते, पण ते बघणं तुझं काम होतं.

दामिनी


लातूर,
२० जानेवारी २०२६

मल्लिनाथ,

तुझं उत्तर मिळालं. दुकानाच्या लेटरपॅडवर चार ओळी. गिऱ्हाइकाला लिहितोस तशा.

"सोमवारी जमणार नाही. मंगळवारी या, सगळे येतात तसे. अप्पाला एवढ्या लांब हिंडवू नये. उद्यानात आता कुणाला बसवता येत नाही, तो सरकारी नियम आहे, अप्पाला सांगून टाक."

एकेक घेते. अव्वा मंगळवारी गेली नाही. लातूरहून अहमदपूरच्या अलीकडे जायला सव्वा तास लागतो, त्याला लांब म्हणत नाहीत. लांब म्हणजे नांदेडहून लातूर. तीन वर्षांत तुला एकदाही पार करता आलं नाही, ते.

आणि "सांगून टाक". किती सोपं लिहिलंस! तू त्यांचा मुलगा आहेस हे तूच सगळ्यांना ऐकवत असतोस. तुझ्या घरी ते न्हाणीत पडले, मी त्यांना आठ दिवसांसाठी आणलं, ते आठ दिवस संपले नाहीत, तर तू म्हणालास, "बापाला लेकीच्या दारात बसवून माझं नाक कापलं." नाक तुझं आहे ना? मग हे सांगायचं कामही तुझंच. समोर येऊन सांग, की अप्पा, तुमच्या बायकोशेजारची जागा गेली.

मी त्यांना काही सांगणार नाही. काल त्यांनी माझ्याकडून धोतर इस्त्री करून घेतलं, नऊ फेब्रुवारीसाठी. तीन आठवडे आधी. घडी मोडू नये म्हणून ते खुर्चीवर ठेवलंय आणि त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत.

येत्या रविवारी मी एकटी जाऊन जागा बघून येणार आहे. त्यांना नेण्याआधी मला बघायचंय तू काय काय करून ठेवलंयस.

दामिनी


लातूर,
२६ जानेवारी २०२६

मल्लिनाथ,

काल जाऊन आले.

कमानीशी केवळाबाई म्हणून एक बाई बसते. माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती, तर म्हणाली, "डबा हितंच ठिवा बाई. वानरं लई झालेत. परवा एका मास्तराची बॅगच नेली, आतला चष्मा घालून बसलं झाडावर." मी हसले नाही, तेव्हा तिनं मला नीट न्याहाळलं. "पहिल्यांदाच आलाव?" मी हो म्हणाले. खोटं म्हणाले. पण त्या कमानीतून पहिल्यांदाच जात होते, हे खरं.

काहीच ओळखू येत नाही रे. सगळा माळ सपाट केलाय. बांध नाहीत, अव्वाचा खुणेचा दगड नाही. जुनी विहीर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी. पळस आहे, त्याला नावाची पाटी. विहिरीपासून पळसाकडे लाल फरशीची वाट केलीय, पुढे फुलपाखरू उद्यान. आणि पळसाच्या अलीकडे, वाटेच्या कडेला, गुडघ्याएवढ्या कठड्यात चार बाय चारची जागा. आत बेलाचं रोप. पाटी नाही.

मी कठड्याशी उभी राहिले. हात जोडणार होते. पण मला आठवलं, अप्पा म्हणायचे, विहिरीच्या काठापासून पळसाच्या रोखानं तेवीस पावलं. म्हणून मी मागे गेले आणि मोजत आले. तेवीस झाली तेव्हा तुझा कठडा अजून पुढे होता. दहा-बारा फूट. माझ्या पायाखाली लाल फरशी होती.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

आता मला कळलं सोमवार का नको होता, आणि अप्पाला हिंडवायचं का नव्हतं. वाट सरळ न्यायची होती, मध्ये समाधी येत होती, म्हणून तू समाधी हलवलीस. नुसता कठडा उचलून पुढे ठेवला की झालं! आतल्या माणसाला कोण विचारतो? मल्लिनाथ, तुझ्यावर मी बरेच आरोप केले, त्यातले काही रागात केले. हा रागात करत नाही. शांतपणे लिहिते आहे. तू आईला फरशीखाली घातलंस.

निघताना केवळाबाई आपणहून म्हणाली, "त्या बेलापाशी काय हाय कुणाला ठाव. एक सायेब येतेत नांदेडहून. चपला काढून हुबं ऱ्हातेत. बोलत न्हाईत, चालत न्हाईत, जातेत निघून. बेलाला पानी बी तेच घालतेत, माळ्याला घालू देत न्हाईत."

ते माझे भाऊ आहेत, असं मी तिला सांगितलं नाही.

दामिनी


लातूर,
३ फेब्रुवारी २०२६

मल्लिनाथ,

या वेळी लेटरपॅड नव्हतं. वहीचा कागद होता, आणि दोनच ओळी.

"माळ सपाट करायला मशीन आलं त्या दिवशी मी तुला विहिरीवरून फोन केला होता. तू सांगितलंस तेवीस, मी मोजलं तेवीस."

चार दिवस हा कागद मी डाळीच्या डब्याखाली ठेवला. उत्तर द्यायचं नव्हतं. परवा सकाळी अप्पा वॉकर धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत चालले. मी मागे होते, पडतील म्हणून. लहानपणी त्यांच्या डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलेलं. तो पाय ते टाकत नाहीत, ओढून उजव्याच्या बरोबरीला आणतात. एक पाऊल म्हणजे एक वीत-दीड वीत. वॉकरमुळे नाही, पहिल्यापासून. आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे की अप्पांबरोबर बाजारात जायचं तर तास लागायचा.

त्यांची तेवीस म्हणजे माझी पंधरा-सोळा. तुझी बारा.

मी मोजलं तेही चूक आणि तू मोजलंस तेही. अव्वा माझ्याही खुणेच्या बरीच अलीकडे आहे. विहिरीजवळ.

आता लिहायचंय ते लिहिते, कारण तू विचारलेलं नाहीस आणि विचारणारही नाहीस.

त्या दिवशी तू खाली खड्ड्यात उतरला होतास. अव्वाला मांडी घालून बसवलंस, तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलंस, सिद्धलिंग स्वामी वरून सांगत होते आणि तू बेलाची पानं रचत होतास. वर आल्यावर तू कुणाकडे बघितलं नाहीस, सरळ गाडीत जाऊन बसलास. खड्ड्यातून माणसाला काय दिसणार? विहीर कुठे, पळस कुठे, तुला कळायचं कारणच नव्हतं. लोक पांगल्यावर अप्पा विहिरीपाशी गेले आणि चालायला लागले. मी कळशी घेऊन मागे. जन्मभर मीटरपट्टीनं कापड मोजलेला माणूस, पण त्या दिवशी पट्टी कुठून आणणार? "दगुड हलतो, हीर हलत न्हाई," म्हणाले. "ध्यानात ठिव दामे, माझी तेवीस पावलं." मुरमावर त्यांच्या ओढलेल्या पायाची रेघ उमटत होती आणि मी त्या रेघेवर पाय टाकत गेले.

'माझी तेवीस पावलं.' हेच शब्द होते.

तुझा फोन आला तेव्हा आपण पाच महिने बोललो नव्हतो. मागे मशीनचा आवाज होता. तू "अक्का" म्हणाला नाहीस. नुसतं, "अव्वाचं किती पावलं होतं?" मी म्हणाले, "तेवीस." आणि फोन ठेवला.

मला आठवत होतं, मल्लिनाथ. पूर्ण वाक्य आठवत होतं. फोन ठेवताना माझ्या मनात आलं, की 'कुणाची' ते विचारायला हा परत फोन करील. तेव्हा बघू कसा बोलतो ते. तू केला नाहीस. मी दिवसभर वाट बघितली आणि संध्याकाळी कुकर लावताना ते विसरले. विसरले असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

एवढं कबूल केलं म्हणून बाकीचं माफ समजू नकोस. उद्यान होण्याआधी तू तीनदा गेलास, मी दोनदा. एरवी सणाला जाऊन दिवा लावला असता तर मोजावं लागलंच नसतं. सह्यांच्या दिवशी नकाशावर एक चौकोन काढायला सांगितला असता तरी पुरलं असतं. मी पेन खाली ठेवून निघाले होते, मुलीचा पेपर होता म्हणून. तू चहा सांगितला होतास, तोही घेतला नाही.

अप्पांना अजून काही माहीत नाही. ते नऊ तारखेलाच येणार. तू फाटक उघडलंस तर आत येऊ, नाही उघडलंस तर कमानीशी खुर्ची टाकून बसवीन त्यांना.

दामिनी


लातूर,
१० फेब्रुवारी २०२६

मल्लिनाथ,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथंच होतास. तरी लिहिते. सोबतच्या कागदावर मी जे लिहिलंय ते का लिहिलं, हे तुला कळायला हवं.

फाटक उघडं होतं. खुर्ची पुसून ठेवलेली होती. तू अप्पांच्या पाया पडलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "चाक धर तिकडनं." हा तीन वर्षांतला समोरासमोरचा पहिला शब्द. मी धरलं. मी आणलेला गव्हाच्या गोड हुग्गीचा डबा केवळाबाईनं उघडून वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला. "न्या. आज सोमवार हाय, वानरास्नी बी सुट्टी."

तू खुर्ची कठड्याकडे नेली नाहीस, सरळ विहिरीकडे नेलीस. तेव्हा मला कळलं, माझं पत्र तू शेवटपर्यंत वाचलंयस.

अप्पांनी विहिरीवरची जाळी बघितली, पळस बघितला. यंदा लवकर फुललाय. "हितनं मोज," म्हणाले. तू पुढे झालास, तर म्हणाले, "तू नगं. तुझ्या ढांगा लई लांब. दामे, माझ्या मागनं तू आली व्हतीस. तू चाल. माझ्यासारखं."

तुला आठवतं का, सात-आठ वर्षांची असताना मी अंगणात अप्पांच्या चालीची नक्कल केली होती. तू हसून लोळला होतास. अव्वानं हातातलं पीठ तसंच ठेवून मला थोबाडीत मारली होती, आणि तो पिठाचा पंजा गालावर घेऊन मी शाळेत गेले होते. त्यानंतर ती चाल मी कधी केली नाही. काल केली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, डावा पाय ओढत, तुझ्यासमोर, माळ्यासमोर. अप्पा खुर्चीतून मोजत होते. "एक. दोन. घाई करू नगंस. तीन." बारापर्यंत मला तुझा राग येत होता. नंतर कुणाचाच आला नाही, पाय फक्त बरोबर पडावा असं वाटत होतं.

तेवीस झाली आणि मी खाली बघितलं. लाल फरशी, त्यावर पांढरा बाण. 'फुलपाखरू उद्यानाकडे.' मी बाणावर उभी होते.

अप्पांनी पुढच्या कठड्याकडे काठी केली. "आन् ते काय हाय?"

"मला वाटलं तिथं हाय," तू म्हणालास.

"किती दिस हात जोडलास तिथं?"

"दोन वरसं."

"कुणाला?"

मी म्हणाले, "अप्पा, मीच नीट सांगितलं न्हाई त्याला." आणि तू त्याच वेळी म्हणालास, "मीच विचारलं न्हाई." आपण दोघं एकदम बोललो आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

"गप बसा," अप्पा म्हणाले. "भांडायला दोघं, चुकायला बी दोघं. दोघांनी मिळून मायला वाटंत बसवलाव."

मग तू ते सांगितलंस. मी म्हणाले होते समोर येऊन सांग, तू सांगितलंस, तेवढं मी मान्य करते. शेजारी बसवता येणार नाही, नियम आहे. अप्पांनी ऐकून घेतलं. त्यांनी माझ्याकडून डबा घेतला, हुग्गीचा एक घास फरशीवर, बाणाच्या टोकाशी ठेवला आणि मुंग्या येईपर्यंत बघत बसले. तू चपला काढल्या होत्यास. ऊन तापलं होतं आणि तुझे तळवे भाजत होते, पण तू हललास नाहीस. मीही नाही.

परत येताना कमानीशी आपण भांडलोच. शिवरात्रीला अप्पा नांदेडला की लातूरला, यावरून. तू म्हणालास, "तू कोण ठरवनार?" मी म्हणाले, "आंघोळ घालणारी." केवळाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. तेव्हा अप्पांनी काठी आपटली.

"मला कुठंबी बसवा. रुद्रभूमीत बसवा, चालंल. पन ती वाटंत नगं. वाट वळवा आधी. वाट वळूस्तोवर मी मरत न्हाई, जावा. मग बघा कितीक वरसं भांडायचंय ते!"

घरी आल्यावर त्यांनी ते धोतर पुन्हा इस्त्रीला टाकायला लावलं. वाट वळेल त्या दिवशी लागेल म्हणाले.

तर सोबत अर्ज आहे. उद्यानाच्या कार्यालयाच्या नावानं. फरशी सहा फूट उचलावी, वाट डावीकडून वळवावी, कठडा आणि बेल मूळ जागी आणावा. तो बेल तू काढू देणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून लिहिलंय की रोप मुळासकट मातीसह हलवावं, मल्लिनाथ रेवणप्पा यांच्या देखरेखीखाली.

जागेचं वर्णन असं केलंय: 'जुन्या विहिरीच्या काठापासून पळसाच्या दिशेनं तेवीस पावलं. पावलं श्री. रेवणप्पा यांची.' कार्यालयात हसतील. हसू देत. फूट-इंच त्यांनी घ्यावेत, मी जाऊन चालून दाखवीन.

वारस म्हणून दोघांची सही लागते. बोलायची गरज नाही, कागद तेवढा परत पाठव.

खाली डाव्या बाजूला मी सही केली आहे. उजवीकडची जागा मोकळी सोडली आहे.

दामिनी